तासाची नोकरी आणि मे महिन्यातले पैसे



मे महिना जवळ आला की इथल्या प्रत्येक ऑफिसात एकच शब्द ऐकू येतो, फाकान्सीखेल्ट. म्हणजे सुट्टीचा भत्ता. महिन्याच्या पगारावर असणाऱ्यांना तो न मागता मिळतो आणि त्यातून भारताची तिकिटे निघतात. पण आपल्यातल्या कितीतरी वहिनी आणि विद्यार्थी गोदामात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात, पाळणाघरात तासावर काम करतात. या वेळचे सदर त्यांच्यासाठी.

आधी आमच्याच घरची गोष्ट. २०२२ च्या जूनमध्ये आम्हा दोघांपैकी एकीने गोदामात काम धरले. तासाला १४ युरो. आठवड्याला पाच-सहा तास जास्तीचे व्हायचेच. पुढच्या मे महिन्यात भत्ता आला, आम्ही खूश झालो आणि तिकिटे बघायला लागलो. तिथे सोबत काम करणाऱ्या एक सुरिनामी हिंदुस्तानी बाई होत्या. त्यांनी विचारले, "लोनस्ट्रोक उघडून पाहिलीस का?" पगाराची ती चिठ्ठी आम्ही वर्षभरात एकदाही वाचली नव्हती. वाचली तेव्हा कळले की भत्ता फक्त ठरलेल्या तासांवर धरला होता.

नशिबाने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजचे तास लिहायची आमची सवय होती. दुधाच्या हिशोबासारखी! बेरीज केली तर जास्तीचे २४० तास निघाले, म्हणजे ३,३६० युरो मजुरी. त्यावर आठ टक्के म्हणजे कर धरून २६८ युरो ८० सेंट.

कायदा असा आहे. एकूण मजुरीवर, कर कापण्याआधीच्या रकमेवर, निदान आठ टक्के भत्ता द्यावा लागतो. १ जानेवारी २०१८ पासून जास्तीच्या तासांची मजुरीही त्यात धरावी लागते. त्या धंद्याच्या सामुदायिक करारात, ज्याला इथे सेआओ म्हणतात, काही वेगळे ठरलेले असेल तरच अपवाद. आमच्या सेआओत तसे काही नव्हते.

तरीही पत्र लिहायला आम्ही तीन आठवडे लावले. तक्रार केली तर व्हिसाचे काय होईल, हीच भीती. खरे तर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या परवान्यावर राहणाऱ्यांचा परवाना जोडीदारावर अवलंबून असतो, गोदामाच्या मालकावर नाही. एवढी साधी गोष्ट आम्हाला तेव्हा कोणी सांगितली नव्हती. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्या पत्रासोबत तासांचा तक्ता जोडला आणि पुढच्या पगारात पैसे जमा झाले. कोणी रागावले नाही. पैशाबद्दल विचारले म्हणून डच माणूस मनाला लावून घेत नाही. विचारले नाही याचेच त्याला नवल वाटते.

ओव्हरटाइमच्या दराबद्दल मात्र आपला एक गैरसमज आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ओव्हरटाइम म्हणजे दुप्पट पैसे, हे गिरणगावात घराघरात पाठ होते. इथे तसे नाही. जादा दर द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे सेआओ किंवा करार ठरवतो. कायदा एवढेच म्हणतो की त्या तासांनाही किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही. तेव्हा सही करण्याआधी आपल्याला कुठला सेआओ लागू आहे ते विचारून घ्या.

भत्ता वेगळा आणि पगारी सुट्टी वेगळी, हेही लक्षात असू द्या. आठवड्याच्या तासांच्या चौपट सुट्टी वर्षाला मिळते. वीस तास काम असेल तर ऐंशी तास. ही कायद्याची सुट्टी साधारणपणे पुढच्या वर्षीच्या १ जुलैला बुडते. दिवाळीसाठी साठवून ठेवणाऱ्यांनी जपावे.

फोन येईल तेव्हा कामावर जाणाऱ्यांसाठी २०२० पासून नियम आहे की चार दिवस आधी कळवले पाहिजे. त्यानंतर काम रद्द केले तरी पैसे द्यावे लागतात (सेआओत ही मुदत कमी असू शकते). तासच ठरलेले नसतील तर एकदा बोलावल्यावर निदान तीन तासांची मजुरी. तासभर काम करवून घरी पाठवले तरीसुद्धा. विद्यार्थ्यांनी आणखी एक बघावे. त्यांना परवान्यावर आठवड्याला १६ तास, किंवा फक्त जून, जुलै, ऑगस्टमध्ये पूर्ण वेळ, एवढीच मुभा आहे. जास्तीच्या तासांना हो म्हणण्याआधी हे मोजा.

थकलेली मजुरी पाच वर्षांपर्यंत मागता येते. युरिडिस लोकेतमध्ये कायद्याची माहिती फुकट मिळते, आणि एफएनव्हीसारख्या युनियनचे सभासद असाल तर तीही मदत करते.

पाडव्याच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी आम्ही दाराजवळच्या टेबलावर बसणार आहोत. ज्यांना लोनस्ट्रोक कळत नाही त्यांनी ती घेऊन यावे. सोबत तासांची नोंद आणि कराराची प्रत आणली तर काम लवकर होईल. चष्मा आम्ही आणतो.