‘बेरा नॉर्मल’ : या एका ओळीवर थांबू नका

मुलाची बेरा तपासणी झाली की बहुतेक पालक रिपोर्टची शेवटची ओळ आधी वाचतात. ‘नॉर्मल’ असेल तर जीव भांड्यात पडतो, ‘प्रतिसाद नाही’ असेल तर पायाखालची जमीन सरकते. माझे स्पष्ट मत असे, की त्या ओळीआधी एक गोष्ट बघायला हवी. तपासताना कानात आवाज कोणता सोडला होता? तो लिहिलेला नसेल तर रिपोर्ट अर्धाच आहे.

तपासणी होते कशी?

बाळ झोपलेले असताना कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात व कानात आवाज सोडतात. कानाच्या नसेपासून ब्रेनस्टेमपर्यंत, म्हणजे मेंदूच्या देठापर्यंत, संदेश जाताना पहिल्या १० मिलिसेकंदांत लहान लाटा उमटतात. त्यातली पाचवी लाट सर्वांत भरवशाची. हा प्रतिसाद एका मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी असतो. म्हणून तोच आवाज हजार-दोन हजार वेळा ऐकवून सरासरी काढावी लागते. बाळाने हालचाल केली की सगळे बिघडते, म्हणून झोप महत्त्वाची.

आवाज बदलला की निकाल बदलतो

सर्वाधिक वापरला जाणारा आवाज म्हणजे ‘क्लिक’. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा छोटा टकटक आवाज. त्यात अनेक स्वर मिसळलेले असले, तरी प्रतिसाद मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातून येतो. त्यामुळे फक्त खालच्या पट्टीत बहिरेपण असलेल्या मुलाचा क्लिक बेरा नॉर्मल येऊ शकतो. उलट, क्लिकला काहीच प्रतिसाद नसलेल्या मुलाला खालच्या पट्टीतले आवाज थोडेफार ऐकू येत असतील. त्याला ‘ठार बहिरा’ ठरवणे घाईचे आहे. ‘प्रतिसाद नाही’ याचा अर्थ त्या आवाजाला, यंत्राच्या कमाल तीव्रतेपर्यंत प्रतिसाद मिळाला नाही, इतकाच.

यावर उपाय म्हणजे ‘टोन बर्स्ट’. यात ५००, १०००, २०००, ४००० हर्ट्झ असे स्वर वेगवेगळे तपासता येतात. हिअरिंग एड कोणत्या स्वराला किती लावायचे, हे त्यावरूनच ठरते.

तीव्रता कमी केली की पाचवी लाट उशिरा येते आणि बारीक होते. आवाज फार भराभर दिले तरी तसेच होते. म्हणून वेग आणि डेसिबल माहीत नसतील तर ‘लाट उशिरा आली’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

आणखी एक मुद्दा आवाजाच्या दिशेचा. एकदा दाब वाढवून, एकदा कमी करून क्लिक देतात. दोन्ही वेगवेगळे नोंदवले तर ‘ऑडिटरी न्यूरोपॅथी’ ओळखता येते. या आजारात आतला कान काम करतो, पण नसेतून जाणारे संदेश विस्कळीत होतात. दोन्ही दिशा मिसळूनच नोंद केली तर ही खूण पुसली जाते. अपुऱ्या दिवसांची, तीव्र कावीळ झालेली, एनआयसीयूत राहिलेली बाळे यांच्यात हे विशेष लक्षात ठेवावे.

‘एवढा वेळ कुठून आणायचा?’

हा आक्षेप खरा आहे. मूल जागे होते, रांग मोठी असते, खर्च वाढतो. पण सगळे स्वर एकाच बैठकीत झाले नाहीत तरी चालेल. क्लिकसोबत निदान ५०० हर्ट्झ तपासावा, उरलेल्यासाठी पुन्हा बोलवावे. काय तपासले नाही, हेही रिपोर्टमध्ये लिहावे. त्याला तर वेळ लागत नाही.

पालकांनी हे विचारावे

- क्लिक दिला की टोन बर्स्ट? कोणत्या स्वरांना?
- किती डेसिबलपर्यंत पाचवी लाट दिसली? दोन्ही कानांत?
- कानात पाणी आहे का, हे टिम्पॅनोमेट्रीने पाहिले का? ओएई केली का?

बेरा नसेचा मार्ग तपासते, शब्द समजतात की नाही हे नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असूनही मूल हाकेला वळत नसेल, बोलत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. ऑडिओलॉजिस्टकडे पुन्हा जा, मुलाची वाढ व संवाद बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार हे बाळांच्या कानांचे वेळापत्रक आहे. भाषा शिकण्याची ही वर्षे नंतर भरून काढणे फार कठीण जाते.