शेंडा खुडावा की न खुडावा?

आमच्या शाळेच्या ओसरीवर कोलियसच्या दहा-बारा कुंड्या असत. किरमिजी पानांना पोपटी कडा. जणू कोणी कुंचल्याने रंगवून ठेवलेली पाने! एके दिवशी सहावीतील एक मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. माळीकाकांनी कोलियसचे सारे तुरे खुडून टाकले होते. "गुरुजी, फुलू द्यायचे नव्हते, तर झाड लावले कशाला?" तिने विचारले.

मुलांनो, खुडण्याच्या बाबतीत मी माळीकाकांच्या बाजूचा आहे. परंतु "झाडाच्याच भल्यासाठी खुडतो" हे त्यांचे म्हणणे मला पटले नाही. झाडाला विचारता आले असते, तर त्याने बीच मागितले असते. आपण खुडतो ते आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी, आणि तसे स्पष्ट म्हणावे.

कोलियस हे तुळशीच्या कुळातील झाड, मूळचे आग्नेय आशियातले. (शास्त्रज्ञांनी त्याचे शास्त्रीय नाव अनेकदा बदलले आणि २०१९ साली पुन्हा कोलियस हेच नाव त्याला दिले!) त्याचे खोड बोटांत धरून पाहा; ते चौकोनी लागेल. तुळशीला मंजिऱ्या येतात, तसा याला निळसर फुलांचा तुरा येतो. तुरा वाढू लागला की झाडाची शक्ती बीज धरण्याकडे वळते. मग नवी पाने लहान येतात, खालची गळतात, खोड लाकडासारखे कठीण होते. घरोघरी आजी तुळशीच्या मंजिऱ्या खुडते, ती काही उगीच नव्हे.

शेंडा खुडला म्हणजे त्याखालच्या पानांच्या जोडीच्या बगलेतून दोन फांद्या फुटतात. त्यांचे शेंडे खुडले की चार. असे झाड डेरेदार होते. मात्र तुरा दिसण्याची वाट पाहू नये. कोवळा शेंडा चार बोटे लांबीचा घ्यावा, खालची पाने काढावी आणि पाण्याच्या पेल्यात उभा ठेवावा. आठ-पंधरा दिवसांत पांढरी मुळे दिसू लागतात. एका कुंडीतून साऱ्या वर्गाला पुरतील इतकी रोपे होतात, तीही एक पैसा न खर्चता.

बाकी निगा थोडकी. सकाळचे ऊन द्यावे, दुपारचे टाळावे. कडक उन्हात रंग विटतात. वरची माती सुकल्यावाचून पाणी घालू नये. कुंडीत पाणी साचले की मुळे कुजतात.

तरीही त्या मुलीच्या प्रश्नात एक मोठे तथ्य होते. शेंड्यापासून केलेले रोप हुबेहूब आईसारखे होते. नवा रंग हवा असेल, तर फूल आणि बी यांना वाव द्यावाच लागतो. म्हणून कोपऱ्यातली एक कुंडी तिच्यासाठी न खुडता राखावी, असे मी माळीकाकांना सांगितले. ते थोडे कुरकुरले. पण कुंडी राहिली. तुऱ्यावर मधमाश्या आल्या, पुढे खसखशीहून बारीक बी धरले. जूनमध्ये तिने ते मातीवर नुसते भुरभुरले, वर माती टाकली नाही. कारण या बियांना रुजण्यास उजेड लागतो. प्रथम सारी रोपे हिरवीच दिसली. पुढे एकेकाचे रंग उमटू लागले: कोणी तांबूस, कोणी पिवळसर, कोणी ठिपकेदार. एक तर अगदी साधे हिरवेच राहिले. तिने घरी नेले, ते नेमके तेच.