काटा खरा की खोटा?

गाडीच्या काट्याशी आपला काय संबंध, असं तुमच्यापैकी काहीजणी विचारतील. मीही विचारत असे. गाडी म्हणजे यांचं खातं आणि कुकरची शिट्टी म्हणजे माझं, अशी आमच्याकडे सरळ वाटणी. पण दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात ती वाटणी एका रात्रीत मोडली.

आम्ही माझ्या माहेरी कोरीटला मुक्कामाला होतो. रात्री साडेअकराच्या सुमाराला अण्णांच्या छातीत दुखू लागलं. अंगाला दरदरून घाम. वहिनीने पंखा लावला, पाणी दिलं, पण घाम काही थांबेना. गाडी दारात होतीच. मागे अण्णा आणि वहिनी, पुढे आम्ही दोघं, अशी नंदुरबारची वाट धरली.

गावाबाहेर पडून थोडं पुढे आलो आणि हे एकदम म्हणाले, "काटा लालवर चाललाय." इंजिनाचं तापमान दाखवणारा तो काटा. "थांबावं लागेल. इंजिन जाम झालं तर इथेच अडकू." मागून अण्णांचा क्षीण आवाज आला, "काय व्हयनं?" आमच्या खानदेशात माणूस दुखण्यातही आधी दुसऱ्याची चौकशी करतो.

आता त्याआधीची गोष्ट सांगते, नाहीतर तुम्हाला माझं पुढचं वागणं आगाऊपणाचं वाटेल. महिन्याभरापासून हा काटा असाच वर जात होता. एका गॅरेजात थर्मोस्टॅट बदलला. मग सेन्सर बदलला. पैसे गेले, काटा मात्र आपला वरच. मला एक गोष्ट खटकत होती. भर दुपारी उन्हात शहाद्याला जाऊन आलो तर काटा गरीब गाईसारखा मध्यावर, आणि संध्याकाळी गारव्यात परतताना मात्र वर! दूध थंड चुलीवर उतू जातं का कधी? मी हे बोलून दाखवलं होतं, पण "तुला नाही कळायचं" यावर विषय संपला होता.

त्या रात्री माझं लक्ष शेजारच्या पेट्रोलच्या काट्याकडे गेलं. सकाळी जेमतेम पाच लिटर भरलेलं, आणि काटा टाकी भरल्याचं सांगतोय! मी म्हटलं, "अहो, कडेला घ्या आणि इंजिन चालू ठेवून फक्त दिवे बंद करा." यांनी केले. दोन्ही काटे झरकन खाली आले. दिवे लावले, दोन्ही वर.

बरं का मैत्रिणींनो, पाच-सहा लिटर उकळतं पाणी दिवे मालवल्याने डोळ्यांदेखत गार होत नाही. म्हणजे इंजिन तापलेलं नव्हतं, काटा खोटं बोलत होता. तरी खात्रीसाठी हीटर लावून पाहिला. हवा नेहमीसारखी गरम. बॉनेटमधून वाफ नाही, कूलंटचा गोडसर वास नाही, गाडीचा जोरही कमी नाही. "चला," मी म्हटलं. हे एक क्षण माझ्याकडे बघत राहिले आणि मग गिअर टाकला. पुढचा सगळा रस्ता मी नाकाने वास घेत आणि कानाने इंजिन ऐकत होते.

अण्णांना हृदयविकाराचा झटकाच आला होता. वेळेत पोचलो, डॉक्टरांनी आठवडाभर ठेवून घेतलं.

नंतर एका वयस्क मिस्त्रींनी डॅशबोर्डमागची काळी तार दाखवली. तिचा स्क्रू ढिला, खाली गंज. यालाच ते अर्थिंग म्हणतात. काटे आणि डॅशबोर्डचे दिवे यांचा करंट याच तारेने परत जातो. ती सैल असली की दिवे लावल्यावर करंटला परतीची धड वाट मिळत नाही, आणि तो घोळ काट्यांवर उमटतो. पॉलिश पेपरने घासून स्क्रू आवळला, संपलं काम! इतके दिवस आम्ही बिचाऱ्या सेन्सरला दोष देत होतो.

तुमची गाडी जुनी, काट्याची असेल तर एक सोपी परीक्षा घ्या. सकाळी गार इंजिनावर नुसती किल्ली फिरवा. काटा तेव्हाच लालकडे धावला तर तार कुठेतरी बॉडीला चिकटली आहे किंवा सेन्सर गेला आहे. उलट अर्धा तास चालवूनही काटा तळाशीच बसला, तर अधिक जपा. तार तुटली असेल, थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल, हे परवडलं. पण पाणीच कमी झालं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा 'सगळं गार आहे' सांगतो! हीटर चालू केल्यावर गार हवा येऊ लागली तर गाडी तिथेच थांबवा. हेड गॅसकेट जळाली की खर्च आपल्या दिवाळीच्या खरेदीवर येतो.

काटा खरोखर वर असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण, आणि सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका, यांनाही उघडू देऊ नका. तो कुकरच आहे. दाबाखाली आतलं पाणी शंभर अंशांच्याही वर जातं, झाकण निघालं की तोंडावर उडतं. अर्धा-पाऊण तास थांबा, हात लावता येईल इतकं निवू द्या.

अनेक नव्या गाड्यांत काटाच नसतो, निळा आणि लाल दिवा असतो. लाल लागला तर आधी खराच समजा. अशा गाडीत तारा काढून प्रयोग करू नका, गॅरेजातल्या यंत्राला गाडी जोडली की कॉम्प्युटर आकडा सांगतो.

आणि मिस्त्रीकडे जाताना चिठ्ठीवर लिहून न्या: काटा कधी वर गेला, दिवे लागलेले होते का, पेट्रोलचा काटा काय दाखवत होता. आमच्या गाडीच्या कप्प्यात आता अशी वही असते, आणि हे रोज न विसरता तीत नोंद करतात.