नाव कोल्हापुरी, पण करणारा कोण?

परवा चप्पल लाईनीत गेलो होतो. ओळखीच्या दुकानातल्या काकांनी मोबाईल पुढे केला. "हे बघा, फोटो आमचा, फरशीसुद्धा आमची. विकणारा भलताच!" कुणीतरी त्यांच्या चपलेचा फोटो उचलून त्याखाली रेक्झिनचा माल विकत होतं. निम्म्या किमतीत.

काकांचा मुलगा रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो आणि खाली सूट लिहितो. मला वाटतं, चुकतंय ते इथंच. कोल्हापुरीचं नाव जगाला माहीत आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानला तसल्याच चपला दाखवल्या आणि इकडे ओरड झाल्यावर मूळ भारतातलं असल्याचं मान्य केलं. नावाची जाहिरात फुकटात झाली! पण चप्पल शिवणाऱ्याला कोण ओळखतं?

म्हणून म्हटलं, काका, चामड्याच्या वादीनं शिवण घालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका. तोही लोक चोरतील, पण त्यात तुमचा चेहरा आणि दुकानाची पाटी असेल. नवी चप्पल चावते, तेल लावा, पावसात घालू नका, हेही सांगून टाका. सुटीचं काय, उद्या शेजारचा जास्त देईल. खरं सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं.

काका हसले. "जन्मभर चपला दाखवल्या, आता तोंड दाखवायचं व्हय?"

व्हय काका. तुम्हाला काय वाटतं मंडळी?