कानातला बिल्ला आणि दारातली शेळी

कानात पिवळा बिल्ला नसलेले जनावर बाजारात विकता येणार नाही, हा नियम आपल्या राज्यात 1 जून 2024 पासून लागू झाला. तरीही गोठ्यात आणि आठवडी बाजारात त्याविषयीची कुरकुर अजून थांबलेली नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारात चार शेळ्या किंवा एखादी म्हैस असते. काही घरे जनावरांच्या व्यापारावर चालतात. बकरी ईदला तर जवळजवळ प्रत्येक घर गिऱ्हाईक होते. म्हणून या वेळी बिल्ल्याविषयी लिहितो आहोत.

बिल्ल्यावर 12 अंकी क्रमांक असतो. त्या क्रमांकाखाली जनावराची जात, वय, लसी आणि मालकाचे नाव ‘भारत पशुधन’ या सरकारी संगणक प्रणालीत नोंदवले जाते. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी या सगळ्यांना तो लागतो. तो नसेल तर बाजार समितीत वा आठवडी बाजारात व्यवहार नाही आणि सरकारी दवाखान्यात उपचार नाहीत. वीज पडून किंवा वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात जनावर गेले तर भरपाईही नाही. 2024 मध्ये सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर केले, तेव्हाही गायीच्या कानातला बिल्ला आणि मालकाचे आधार या दोन्हींची जोडणी मागितली गेली. ज्यांची नोंद अर्धवट होती, त्यांचे पैसे अडकले.

नोंद असावी, याला आमचा विरोध नाही. 2022 मध्ये लंपीची साथ आली तेव्हा गुरांचे बाजार बंद करावे लागले. मेलेल्या दुभत्या गायीला 30 हजार, ओढकाम करणाऱ्या बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार रुपये अशी मदत सरकारने दिली. गाय कोणाची, हे सांगणारी नोंद असली की अशा वेळी मदत मागणे सोपे जाते. खूण करण्याची रीत आपल्या धर्मपरंपरेतही आहे. प्रेषित मुहम्मद (स.) जकातीच्या उंटांना आणि मेंढ्यांना खूण करीत असल्याचे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितले आहे. मेंढ्यांची खूण कानावर असे. चेहऱ्यावर डाग देण्यास मात्र त्यांनी सक्त मनाई केली. मालाची ओळख राहावी, पण मुक्या जिवाला नको तिथे वेदना होऊ नयेत, असा तो नियम होता.

व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवणही आपल्याला नवी नाही. गायीवरून जिचे नाव पडले त्या सूरह बकरामध्ये, कुरआनातल्या सर्वांत लांब आयतीत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे. हातोहात व्यवहाराला लिखाणाची सवलत दिली आहे, पण खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवा असे म्हटले आहे. त्याच आयतीत पुढे एक अट आहे. लिहिणाऱ्याला आणि साक्ष देणाऱ्याला त्रास होता कामा नये. आपल्याकडच्या बिल्ल्याच्या कारभारात नेमकी हीच अट सुटली आहे, असे आम्हाला वाटते. नोंद करणाऱ्यालाच सगळा त्रास होतो आणि त्या नोंदीचे संरक्षण मात्र त्याला मिळत नाही.

त्रास कसला, ते शेळी पाळणाऱ्या बाईला विचारावे. शेळीचा कान पातळ असतो. बाभळीच्या काट्यात अडकून बिल्ला निघतो, तो निघताना कान फाटतो आणि पावसाळ्यात त्या जखमेत अळ्या पडतात. नवा बिल्ला मारायचा तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे लागते. एका दवाखान्याकडे कितीतरी गावे असतात. साहेब लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेले असतात, किंवा बिल्ले संपलेले असतात. रोजंदारी बुडवून दोनदा हेलपाटा झाला की ती बाई शेळी व्यापाऱ्याला घरीच कमी भावात देऊन टाकते. राज्यात 2019 च्या पशुगणनेत शेळ्या एक कोटीच्या वर होत्या. त्यातल्या पुष्कळ अशाच दोन-दोन, चार-चारच्या संख्येने घराघरांत बांधलेल्या असतात. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र शंभर गायींचा गोठा असावा असे वाटते.

आमच्या भगिनींनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. बिल्ल्याच्या नोंदीत मालकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक लागतो. घरातला फोन बहुतेक वेळा नवऱ्याकडे वा मुलाकडे असतो, आणि तो मुंबईला किंवा आखातात असतो. म्हणून नोंद त्याच्या नावावर होते. शेळी मात्र बाईने महरच्या पैशांतून, किंवा माहेरहून आलेल्या करडाला वाढवून उभी केलेली असते. शरीअतनुसार ती तिची स्वतःची मिळकत आहे. नवऱ्याच्या मिळकतीत ती मिसळत नाही. उद्या तलाक झाला, नवरा वारला, वाटणीला दीर-भावजय बसले, तर सरकारी नोंद दाखवून जनावरांवर दुसराच कोणी हक्क सांगेल. आजपर्यंत ‘ही हिची शेळी’ हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक असे आणि तेवढे पुरत असे. आता संगणक जे सांगेल ते खरे मानले जाणार असेल, तर त्यात बाईचे नाव तिच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकासह लागले पाहिजे. नोंद करायला कर्मचारी दारात येतील तेव्हा घरातल्या पुरुषांनीच हे सांगावे.

बाजारात आणखी वेगळी अडचण येते. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, पैसे मोजले जातात, बाजार समितीची पावती फाटते आणि जनावर नव्या मालकाच्या टेम्पोत चढते. संगणकात मात्र मालक जुनाच राहतो. मालकीबदलाची नोंद दवाखान्यातून करून घ्यावी लागते आणि ती बाजाराच्या दिवशी तिथेच होईल अशी सोय फार थोड्या ठिकाणी दिसते. मग रस्त्यात गाडी अडवली गेली की बिल्ल्याच्या क्रमांकावर भलत्याचेच नाव निघते. ज्या बिल्ल्याने खरेदीदाराचा प्रामाणिकपणा दाखवायचा, तोच त्याच्यावर संशय आणतो.

गाडी अडवणारे तरी प्रत्येक वेळी पोलिसच असतात का? 2025 च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी समाजाने गोरक्षक म्हणवणाऱ्यांच्या जाचाला कंटाळून जनावरांची खरेदी थांबवली, हे आपल्याला ठाऊक आहेच. गायवर्गीय जनावरांच्या कत्तलीवर राज्यात बंदी आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण पावती, डॉक्टरांचा दाखला, कानात बिल्ला असे सगळे असताना म्हशीची गाडीही अडवली जाते, ही त्यांची तक्रार होती. खरेदी थांबताच बाजार ओस पडले आणि भाकड जनावर दावणीला बांधून बसलेला शेतकरी हवालदिल झाला. तो शेतकरी बहुतेक वेळा मुसलमान नसतो. त्याचे खत-बियाणे, मुलीच्या लग्नाचा खर्च म्हशीच्या विक्रीवर अवलंबून असतो. कुरेशी आणि कुणबी यांचा हा पिढ्यांचा व्यवहार आहे. शेतकऱ्यांच्या काही नेत्यांनी तेव्हा कुरेशींची बाजू उघडपणे घेतली, ती याच कारणाने. बिल्ला वाचायचा अधिकार फक्त सरकारी माणसाला आहे, हे रस्त्यावर दिसत नाही तोवर शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय?

ब्रिटनमध्येही शेतकरी बिल्ल्यांवर आणि तपासनिसांवर चिडलेले असतात. सुपरमार्केटला माल द्यायचा तर ‘रेड ट्रॅक्टर’सारख्या योजनेचा तपासनीस शेतावर येऊन वह्या चाळतो. गायीच्या दोन्ही कानांत बिल्ले लागतात आणि एक पडला की तो पुन्हा लावण्याची जबाबदारी शेतकऱ्याचीच. मॅड काऊच्या साथीनंतर 1996 मध्ये तिथे प्रत्येक गायीला कागदी पासपोर्ट आला. कटकट तिथेही आहेच. पण तो कागद गायीबरोबर नव्या मालकाच्या हाती जातो, ही गोष्ट आपण घेण्यासारखी आहे. आठवडी बाजारात पशुसंवर्धन विभागाचे एक टेबल असावे, विक्री होताच मालकीबदल व्हावा आणि शिक्क्याचा एक कागद हातात पडावा. एवढी मागणी ग्रामसभेच्या ठरावात घालणे अवघड नाही. शेतकरी आणि व्यापारी दोघांनी मिळून ती घातली तर अधिक बरे.

तोपर्यंत जनावर विकत घेताना बिल्ल्याचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, बिल्ल्यासकट जनावराचा फोटो काढावा आणि विकणाऱ्याचा मोबाइल क्रमांक घ्यावा. गाडीने न्यायचे असेल तर पशुवैद्यकाचा प्रवासास योग्य असल्याचा दाखला लागतो. मालवाहू गाडीत 40 पेक्षा जास्त शेळ्या आणि 6 पेक्षा जास्त मोठी जनावरे भरू नयेत. हा कायदा आहेच, शिवाय दाटीवाटीत गुदमरलेले जनावर ईदला आणून आपण काय मिळवणार? बिल्ला पडला तर फाटलेल्या कानाला त्याच दिवशी औषध लावावे आणि पडलेला बिल्ला सापडल्यास जपून ठेवावा, म्हणजे जुना क्रमांक सांगता येतो. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा क्रमांक आहे.

ईद जवळ आली की विचारला जाणारा एक प्रश्न राहिला. कानाला बिल्ल्याचे छिद्र असलेल्या बकऱ्याची कुर्बानी होते का? नुसत्या छिद्राने अडचण येत नाही, असेच उलेमा सांगतात. बिल्ला ओढला जाऊन कानाचा तुकडाच गेला असेल, तर किती गेला ते पाहावे लागते. हनफी मसलकात एक तृतीयांशाहून अधिक कान गेलेला नसावा असे सर्वसाधारणपणे सांगतात. कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांकडे याबाबतीत नियम अधिक कडक आहे. असा बकरा समोर आला तर पैसे मोजण्याआधी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना कान दाखवावा.