शनिवारी थांबणारा घाणा

मुक्ताबाईच्या पालखीबरोबर चालणाऱ्या खान्देशी वाचकाला देवावरचं प्रेम समजावून सांगावं लागत नाही. ते रोजच्या शिस्तीतून कसं वाढतं, हे मात्र कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे पाहावं. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून शनिवारी ते तेलाचा घाणा बंद ठेवत. लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. कित्येक पिढ्या हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते, तरी ‘शेमा’ ही प्रार्थना ओठांवर टिकली. देव एक आहे, त्याच्यावर सगळं मन, सगळा जीव, सगळं बळ ओतून प्रेम करावं, हा तिचा गाभा. ज्यू ती सकाळ-संध्याकाळ म्हणतात.

पण प्रेम कुणाच्या आज्ञेने होतं का? बाराव्या शतकातल्या मैमोनिदीस या ज्यू विचारवंताचं उत्तर मला फार पटतं: देवाची सृष्टी निरखत राहा, प्रेम आपसूक उपजेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्राएल समाजाने अब्राहमासारख्या पूर्वजांची चरित्रं मराठी कीर्तनांत गायली. आपल्या कीर्तनाने त्यांच्याही भक्तीला वाट दिली, याचा मला मनापासून आनंद आहे.

एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने त्यांच्यात मलिद्याचं ताट आजही मांडलं जातं. अलिबागकडे गेलात, तर त्याच्या खंडाळ्याच्या स्थानी जरूर थांबा.