मण्यांचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही बुकित तिमाहहून मुद्दाम कातोंगला गेलो होतो. मण्यांच्या सपाता पाहायच्या होत्या. एका आंटींच्या टेबलावर एक जोड होता. गुलाबी जमिनीवर हिरवे पक्षी आणि एकेक मणी मोहरीएवढा. किंमत ऐकली आणि सवयीने तोंडातून निघून गेले, "थोडे कमी करा ना." आंटी हसल्या, काही बोलल्या नाहीत. जोड मऊ कागदात गुंडाळून त्यांनी खोक्यात परत ठेवला. येताना मुलीने विचारले, "बाबा, एक जोड करायला किती दिवस लागतात?" आम्हांला सांगता येईना. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही पंधरा मिनिटांचाही हिशेब लावतो आणि गिऱ्हाइकाकडून वसूल करतो!

या सपातांना इथे 'कसुत मानेक' म्हणतात. मलाय भाषेत कसुत म्हणजे पादत्राण, आणि मानेक म्हणजे मणी. आपल्या मणी-माणिक या शब्दांचाच तो नातलग. पेरानाकान घरांतल्या मुली, म्हणजे न्योन्या, लग्नाआधी असे मणीकाम शिकत आणि सासरी आपले कसब दाखवत. आपल्याकडचे रुखवत आठवा. मण्यांचे तोरण, मोत्यांचे रुमाल, त्याखाली चिठ्ठी 'वधूने स्वहस्ते केले'. समुद्रापलीकडे इतके सारखे काही असेल असे आम्हांला वाटले नव्हते. आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकान म्युझियममध्ये जुने नमुने आहेत. दुरुस्तीनंतर २०२३ साली ते पुन्हा उघडले. मुलांना जरूर न्यावे.

काम कसे चालते? लाकडी चौकटीवर कापड ताणायचे, चौकटींच्या कागदावर काढलेली नक्षी समोर ठेवायची आणि एका घरात एक मणी असा शिवत जायचे. आमच्या भाषेत सांगायचे तर एकेक पिक्सेल हाताने भरायचा. एक मणी चुकला तर ओळ उसवावी लागते. वर्गात आम्ही हे करून पाहिले. बारा वर्षांच्या एका मुलाने चाळीस मिनिटांत अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा भरला, आणि तोही वाकडा. त्यानंतर किंमत जास्त आहे असे कोणी म्हणाले नाही.

हल्ली 'सस्टेनेबल' हा शब्द फार ऐकू येतो. मराठीत आपण 'टिकाऊ' म्हणतो, आणि तो शब्द आम्हांला जास्त आवडतो, कारण त्यात वस्तूही येते. सपातेचा तळ झिजला तर मणीकाम सोडवून नव्या तळावर चढवता येते. आपले घोंगडे पाहा. दख्खनी मेंढीची लोकर, सुताला चिंचोक्याची खळ, आणि सनगराच्या मागावर विणलेले कापड घरात वर्षानुवर्षे टिकते. पण सगळेच हातकाम निसर्गाच्या मांडीवर बसलेले असते असे नाही. हे मणी परदेशातून येतात. येवल्याच्या पैठणीचे रेशीम बंगळूरकडून आणि जर सुरतेहून. तेव्हा नुसता माल पाहून टिकाऊपणा ठरवू नये, असे आमचे मत आहे. विणणाऱ्याचे घर त्या कामावर चालते का, हे आधी पाहावे. त्याचा मुलगा मागावर बसणार नसेल तर रेशीम कितीही शुद्ध असो, पैठणी काही टिकत नाही.

येवल्याचेच घ्या. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी यंत्रमागावरची 'पैठणी' त्याच नावाने बाजारात आहेच, आणि ती कितीतरी स्वस्त. ओळखायची कशी? पदर उलटून पाहा. हातमागावर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी फिरवून मोर विणतात, म्हणून मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते. यंत्राच्या पदरामागे बहुधा सुटे धागे लोंबतात. स्वस्त साडी घेण्यात काही गैर नाही. हातमागाची साडी आमच्याही घरात एकच आहे, आणि तीही लग्नातली. परवडत नसेल तर घेऊ नये. पण परवडत असताना घासाघीस करू नये, आणि यंत्राच्या साडीला हातमागाची म्हणू नये.

आता थोडे आपल्या वर्गाविषयी. दरवर्षी दिवाळीला आपण प्लॅस्टिकच्या मण्यांचे किट आणतो. तासाभरात तोरण होते, फोटो निघतो, आणि पाडव्यापर्यंत ते केराच्या टोपलीत जाते. एखादा कारागीर बोलवायचा म्हटले की कोणीतरी हटकून म्हणते, "संस्कृतीचे काम आहे, फुकट येतील." आम्ही स्वतः असे म्हटले आहे, कबूल करतो. पण बुद्धिबळाच्या आणि कोडिंगच्या मास्तरांना आपण तासाचे पैसे देतोच ना? काही पालक म्हणतील की वेळ थोडा आणि मुलांचे मराठी वाचन आधीच कच्चे. खरे आहे. पण ताणा, बाणा, खळ, उसवणे, कांडी हे शब्द मुले पुस्तकातून शिकत नाहीत. त्या चाळीस मिनिटांत 'उसव' हा शब्द सगळ्यांनी किमान दहादा ऐकला.

पुढच्या पालक-बैठकीत आम्ही दोन गोष्टी मांडणार आहोत. किट बंद करून वर्षभर सगळ्यांनी मिळून मण्यांचा एकच तुकडा शिवावा, आणि पाहुण्या कारागिराचे मानधन वर्गणीतून द्यावे. चौकट आमच्याकडे आहे. मणी ओवायच्या बारीक सुया मात्र चारच उरल्या आहेत, बाकीच्या पहिल्याच दिवशी मोडल्या. कोणाकडे असल्यास शनिवारी येताना आणाव्यात.